धागा: मँडेट म्हणजे दुसऱ्या नावाची वसाहतच का? केनिया आणि टांगानिका शेजारी ठेवून पाहू

नकाशाघर (धागाकर्ता)

'पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि तुर्कस्तानचे प्रदेश जेत्यांनी मँडेट या नावाखाली वाटून घेतले.' एवढं एक वाक्य लिहून आपल्याकडे हा विषय संपतो. वाक्य चुकीचं नाही. पण मँडेट आणि वसाहत यांत कागदावर काय फरक होता, त्यातला किती प्रत्यक्षात उतरला आणि किती कागदावरच राहिला, हे बोलायचं राहून जातं. म्हणून हा धागा.

सगळ्या जगाचं एकदम बोलण्यापेक्षा दोन शेजारी घेऊ. केनिया ही ब्रिटिश वसाहत. तिच्या दक्षिणेला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. आधी जर्मन पूर्व आफ्रिका, नंतर ब्रिटनकडे सोपवलेलं मँडेट. दोन्हीकडे गव्हर्नर ब्रिटिश, दोन्हीकडची फाइल लंडनच्या वसाहत कार्यालयातच जायची, दोन्हीकडे आफ्रिकी माणूस झोपडीमागे कर भरायचा.

फरक मालकीपासून सुरू होतो. केनिया 1920 पर्यंत 'संरक्षित प्रदेश' होता. त्या वर्षी तो ब्रिटिश राजाच्या मुलुखात रीतसर जोडून घेतला आणि वसाहत झाला. टांगानिका कधीच जोडून घेतला गेला नाही. व्हर्साय तहाच्या 119 व्या कलमाने जर्मनीने समुद्रापारच्या प्रदेशांवरचा हक्क सोडला, पण तो ब्रिटनच्या नावे नाही, तर 'प्रमुख मित्र व सहकारी राष्ट्रां'च्या नावे. मग राष्ट्रसंघाच्या (पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेली, जिनिव्हातून चालणारी देशांची संघटना) कराराचं 22 वं कलम आलं. तिथले लोक आधुनिक जगाच्या खडतर परिस्थितीत अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, म्हणून त्यांचं हित ही सुधारलेल्या जगाकडची पवित्र ठेव आहे, अशी त्याची भाषा. यातला अहंकार उघड आहे. पण 'ठेव' हा शब्द एकदा कायद्यात शिरला की ती ज्याच्याकडे ठेवली त्याला हिशेब विचारता येतो. वसाहतीचा हिशेब विचारणारं बाहेरचं कुणीच नव्हतं. माझ्या मते खरा फरक इथे आहे, बाकीचे सगळे यातून निघतात.

मँडेटचे तीन वर्ग होते. 'अ' वर्गात तुर्की साम्राज्यातले अरब प्रदेश: इराक, पॅलेस्टाइन (ट्रान्सजॉर्डनसह) ब्रिटनकडे, सीरिया-लेबनॉन फ्रान्सकडे. यांना तात्पुरतं स्वतंत्रच मानलं होतं, फक्त सल्ला आणि मदत द्यायची. 'ब' वर्गात मध्य आफ्रिका: टांगानिका ब्रिटनकडे, र्‍वांडा-उरुंडी बेल्जियमकडे, कॅमेरून आणि टोगोलँड ब्रिटन-फ्रान्स या दोघांत चिरलेले. 'क' वर्गात नैर्ऋत्य आफ्रिका (आजचा नामिबिया) दक्षिण आफ्रिकेकडे, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाकडे, पश्चिम सामोआ न्यूझीलंडकडे, विषुववृत्ताच्या उत्तरेची बेटं जपानकडे, आणि नाउरू ब्रिटन-ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड अशा तिघांकडे.

ज्यांचा या कागदपत्रांशी संबंध आला आहे त्यांनी कृपया भर घालावी.

सांजवारा

चांगला धागा. आधी शब्दाबद्दल एक विनंती. मँडेटला मराठीत 'जनादेश' लिहू नका. निवडणुकीच्या बातम्यांमुळे तो शब्द हाताशी असतो, पण इथे जनतेने कुणालाही काहीही आदेश दिला नव्हता. सीरियात 1919 मध्ये अमेरिकेचं किंग-क्रेन मंडळ लोकांचं मत विचारत फिरलं होतं. बहुसंख्यांना फ्रान्स नको होता. एप्रिल 1920 मध्ये सान रेमोला मित्रराष्ट्रांनी सीरिया फ्रान्सलाच दिला. तेव्हा 'मँडेट' तसाच ठेवावा, किंवा 'सोपवलेला प्रदेश' म्हणावं.

आणि 'संरक्षित प्रदेश' ही तिसरी गोष्ट आहे, ती या दोघांत मिसळू नये. त्यात स्थानिक राजा किंवा सुलतान नावापुरता का होईना टिकून असतो. केनियातच याचं उदाहरण आहे. किनाऱ्यालगतची दहा मैलांची पट्टी झांझिबारच्या सुलतानाची होती, म्हणून ती वसाहतीत न धरता संरक्षित प्रदेश राहिली. अधिकृत नावच 'केनिया वसाहत व संरक्षित प्रदेश'.

शिरस्तेदार

कायद्याच्या बाजूने थोडं.

ब्रिटनने टांगानिकाचा कारभार चालवायला जुलै 1920 मध्ये जो राजाज्ञेचा हुकूम काढला, तो 1890 च्या परकीय अधिकारक्षेत्र कायद्याखाली. म्हणजे ब्रिटनच्याच कायद्याच्या नजरेत टांगानिका परका मुलूख होता. याचा थेट परिणाम नागरिकत्वावर. केनियात जन्मलेला माणूस वसाहत झाल्यावर ब्रिटिश प्रजाजन. टांगानिकात जन्मलेला आफ्रिकी फक्त 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. राष्ट्रसंघाच्या परिषदेने एप्रिल 1923 मध्ये ठरावच केला की 'ब' आणि 'क' वर्गातल्या रहिवाशांना कारभारी राष्ट्राचं राष्ट्रीयत्व आपोआप मिळत नाही.

प्रजाजन होणं फायद्याचं वाटेल, पण केनियात वसाहत होण्याची किंमत काय पडली ते पाहा. 1921 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की 1915 चा राजजमीन कायदा आणि 1920 चं विलीनीकरण यांमुळे आफ्रिकी लोकांचे जमिनीवरचे पूर्वापार हक्क संपले आहेत आणि ते राजाच्या मर्जीवरचे कूळ आहेत. पिढ्यानपिढ्या कसलेल्या शेतावर माणूस एका निकालाने कूळ ठरला. त्याच 1915 च्या कायद्याने गोऱ्यांना 999 वर्षांचे पट्टे द्यायची सोय केली होती.

टांगानिकात हे करता येत नव्हतं. तिथल्या मँडेटच्या 6 व्या कलमाप्रमाणे जमिनीचा कायदा करताना स्थानिक रूढी आणि हक्क लक्षात घ्यायचे होते, आणि सरकारच्या संमतीशिवाय आफ्रिकी माणसाची जमीन बाहेरच्याकडे जाऊ शकत नव्हती. 1923 च्या जमीन कायद्याने सगळी जमीन 'सार्वजनिक' ठरवली, ती स्थानिकांच्या उपयोगासाठी आणि हितासाठी गव्हर्नरच्या ताब्यात. बाहेरच्याला मिळायचा तो भोगवट्याचा हक्क, जास्तीत जास्त 99 वर्षांचा. एक अपवाद ठळक: जर्मनांच्या जप्त केलेल्या मळ्यांचा लिलाव झाला, ते पूर्ण मालकीने ब्रिटिश, ग्रीक आणि भारतीय खरेदीदारांकडे गेले. तेवढी जमीन मूळ लोकांना परत मिळाली नाही.

वेठबिगारीचंही तसंच. 5 व्या कलमाने सक्तीचं काम फक्त अत्यावश्यक सार्वजनिक कामांपुरतं, तेही पुरेशी मजुरी देऊन. केनियात 1919 मध्ये गव्हर्नर नॉर्दी यांच्या परिपत्रकाने अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की गोऱ्या मळेवाल्यांना मजूर मिळावेत म्हणून आफ्रिकी लोकांवर वजन वापरा. असं परिपत्रक टांगानिकातून निघालं असतं तर जिनिव्हात त्याचा जाब द्यावा लागला असता.

पानगळ

शिरस्तेदार, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. 99 आणि 999 हे आकडे समोरासमोर ठेवले की श्रेय मँडेटला द्यावंसं वाटतं. पण 1923 च्या टांगानिका कायद्याचा नमुना जिनिव्हातून आला नव्हता. तो उत्तर नायजेरियाच्या 1910 च्या आणि नंतर 1916 च्या जमीन कायद्यावरून उचलला होता, आणि नायजेरिया मँडेट नव्हता. टांगानिकाच्या बऱ्याच भागात त्सेत्से माशीमुळे गुरं जगत नाहीत. गोऱ्या शेतकऱ्याला हवी तशी थंड, सुपीक, रेल्वेजवळची जमीन किलिमांजारो-मेरूचा उतार, उसांबरा आणि दक्षिणेचे डोंगर एवढीच. शिवाय युद्धानंतर जर्मन हाकलले गेले होते, त्यामुळे गव्हर्नरच्या दारात बसून हट्ट करणारा गोऱ्यांचा गट केनियाइतका मोठा नव्हता. डोनाल्ड कॅमेरून 1925 ते 1931 गव्हर्नर होते, तेही नायजेरियात घडलेले. स्थानिक प्रमुखांमार्फत राज्य चालवायची पद्धत त्यांनी तिकडून आणली.

म्हणून मी असं मांडेन: मँडेटने टांगानिकाची जमीन वाचवली नाही. ती बळकावायला पुढे कुणी सरसावलं, तर मँडेटच्या कलमाने त्याच्या विरोधकाच्या हातात एक हत्यार दिलं. 1920 च्या दशकात केनिया, युगांडा आणि टांगानिका यांचं एक मोठं राज्य करायचा घाट ब्रिटनचे वसाहतमंत्री लिओ अमेरी यांनी घातला होता. तसं झालं असतं तर नैरोबीच्या गोऱ्यांचं वजन टांगानिकावर पडलं असतं. कॅमेरून यांनी कडाडून विरोध केला आणि मँडेटचा आधार घेतला. 10 व्या कलमात शेजाऱ्यांशी जकात आणि कारभाराचं ऐक्य करायची मुभा होती, पण मँडेटच्या अटी मोडणार नाहीत एवढ्याच मर्यादेत. 1931 मध्ये ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीने राजकीय ऐक्य बाजूला ठेवलं.

नकाशाघर

पानगळ, नायजेरियाचा धागा माझ्या मांडणीत सुटला होता, तो जोडल्याबद्दल आभार. 'हत्यार' हा शब्द मला पटतो.

दस्तऐवज_दालन

हे हत्यार प्रत्यक्षात कसं चालायचं ते सांगतो, कारण बिघाड त्या यंत्रातच होता.

जिनिव्हात कायम मँडेट आयोग होता. पहिली बैठक ऑक्टोबर 1921 ची. सुरुवातीला नऊ सदस्य. बहुसंख्य अशा देशांचे, ज्यांच्याकडे मँडेट नाहीत. सदस्य सरकारचे प्रतिनिधी नव्हते, व्यक्ती म्हणून नेमलेले. पण ती माणसं कोण? ब्रिटनतर्फे बरीच वर्षं लॉर्ड लुगार्ड, म्हणजे नायजेरियाचे जुने गव्हर्नर. बरेचसे इतर सदस्यही वसाहतींच्या कारभारात मुरलेले. राज्य चालवण्याची अक्कल त्यांच्याकडे होती, राज्य नको असलेल्यांची बाजू त्यांच्यात कुणाकडे नव्हती.

कारभारी राष्ट्र दरवर्षी अहवाल पाठवायचं. आयोगाची ठरलेली प्रश्नावली असायची: जमीन, मजुरी, दारू, शस्त्रं, शिक्षण, आरोग्य, महसूल. मग त्या राष्ट्राचा अधिकृत प्रतिनिधी समोर बसायचा आणि सदस्य प्रश्न विचारायचे. ही प्रश्नोत्तरं छापली जायची. केनियाच्या कारभारावर संसदेत प्रश्न यायचा तो एखाद्या खासदाराने मनावर घेतलं तर. टांगानिकावर मात्र दरवर्षी यायचा, आणि उत्तर छापील राहायचं. गेल्या वर्षी दिलेलं उत्तर यंदा तोंडावर फेकता यायचं.

आता तक्रार. 1923 च्या नियमांनुसार मँडेटमधल्या रहिवाशाने अर्ज थेट जिनिव्हाला पाठवायचा नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती द्यायचा. ते सरकार आपला खुलासा जोडून पुढे पाठवणार. भाषा उग्र असेल, नाव नसेल, न्यायालयात जाण्यासारखं प्रकरण असेल किंवा मँडेटच नको असं म्हटलं असेल, तर अर्ज बाद. अर्जदाराला समक्ष ऐकून घेतलं जात नसे. सामोआत न्यूझीलंडच्या कारभाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या माउ चळवळीचे नेते ओ. एफ. नेल्सन 1928 मध्ये जिनिव्हापर्यंत पोचले, आयोगाने त्यांना ऐकलं नाही. 1926 मध्ये आयोगाने प्रश्नावली वाढवायची आणि काही प्रसंगी अर्जदारांना ऐकायची परवानगी मागितली होती. ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन आणि इतर राष्ट्रांनी परिषदेत ते हाणून पाडलं. आयोगाला त्या प्रदेशात जाऊन पाहणी करण्याचाही अधिकार नव्हता.

आणि शेवटी आयोगाच्या हातात काय? परिषदेला अहवाल. दंड नाही, बडतर्फी नाही.

सह्यकडा

यावर नैर्ऋत्य आफ्रिकेचं उदाहरण आलंच पाहिजे. 'क' वर्गाचं कलम म्हणतं की तो प्रदेश कारभारी राष्ट्राच्या मुलुखाचा अविभाज्य भाग समजून त्याच्याच कायद्यांनी चालवावा. ही पळवाट 30 जानेवारी 1919 च्या तडजोडीत मुद्दाम ठेवली, कारण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना सरळ विलीनीकरण हवं होतं आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन तयार नव्हते. मँडेटची कल्पना मांडणारे यान स्मट्स स्वतः दक्षिण आफ्रिकेचे. त्यांच्या 1918 च्या मूळ मांडणीत ती रशिया, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तानच्या कोसळलेल्या साम्राज्यांसाठी होती. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहती त्यांनी त्यातून वगळल्या होत्या.

1922 मध्ये बोंडेलस्वार्ट्स जमातीवर कुत्र्यांचा कर बसला. शिकारीवर जगणाऱ्या माणसाला कुत्रा लागतो. कुत्र्यावर कर वाढवला की तो गोऱ्याच्या शेतावर मजुरीला येतो, हा हिशेब. त्यांनी नकार दिला, तेव्हा विमानातून बाँब टाकले. शंभराच्या आसपास माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही. राष्ट्रसंघाच्या सभेत हैतीचे दांतेस बेलगार्द यांनी हा प्रश्न उचलला. 1923 मध्ये आयोगाने टीकेचा अहवाल दिला. दक्षिण आफ्रिकेचं काही बिघडलं नाही.

तरीही तो कागद मेला नाही. 1946 मध्ये दक्षिण आफ्रिकेने हा प्रदेश गिळायची परवानगी संयुक्त राष्ट्रांकडे मागितली, ती नाकारली गेली; विरोध करणाऱ्यांत भारत पुढे होता. 1950 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की राष्ट्रसंघ बुडाला तरी मँडेटची जबाबदारी संपत नाही. 1966 मध्ये इथिओपिया आणि लायबेरियाचा दावा 7 विरुद्ध 7 अशा मतांवर अध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळला गेला, तेव्हा वाटलं सगळं संपलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महासभेने मँडेटच रद्द केला, आणि 1971 मध्ये न्यायालयाने म्हटलं की दक्षिण आफ्रिकेचं तिथलं अस्तित्व बेकायदा आहे. नामिबिया 21 मार्च 1990 ला स्वतंत्र झाला. तो प्रदेश जर 1919 मध्येच विलीन झाला असता, तर न्यायालयात न्यायला खटलाच उरला नसता.

अंजनवेल

भारताचा संबंध कुणी नीट मांडेल का? टांगानिकात आपले लोक बरेच होते ना?

शिरस्तेदार

अंजनवेल, संबंध अगदी थेट आहे.

भारत स्वतः ब्रिटिश ताब्यात असूनही राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता. 'ब' मँडेटमध्ये राष्ट्रसंघाच्या सर्व सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना प्रवेश, वास्तव्य, मालमत्ता आणि व्यापार यांत समान वागणूक द्यायची अट होती. टांगानिकाच्या मँडेटमध्ये ती 7 व्या कलमात. म्हणजे भारतीय दुकानदाराला तिथे समान वागणूक मागायला आंतरराष्ट्रीय करार होता. शेजारच्या केनियात नव्हता. केनियाच्या 1923 च्या श्वेतपत्रिकेने उंचावरची थंड जमीन गोऱ्यांसाठी राखीवच ठेवली, मतदारसंघ वंशवार केले आणि विधिमंडळात गोऱ्यांना 11 तर भारतीयांना 5 निवडून द्यायच्या जागा दिल्या. त्याविरुद्ध लंडनला गेलेल्या शिष्टमंडळाचे नेते श्रीनिवास शास्त्री. गोपाळ कृष्ण गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष तेच. त्यांच्या हाती युक्तिवाद होता, कराराचं कलम नव्हतं.

कलम असूनही टांगानिकात सगळं सुरळीत नव्हतं. 1923 मध्ये नफ्यावरचा कर आणि परवान्यांचे कायदे आले, हिशेबाच्या वह्यांच्या भाषांतून गुजराती वगळली गेली. भारतीय व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून हरताळ केला.

याची दुसरी बाजू विसरू नये. समान व्यापाराचं हे कलम आफ्रिकी माणसासाठी लिहिलेलं नव्हतं. ते बाहेरच्या व्यापाऱ्यांना एकमेकांपासून वाचवायला होतं. 1926 मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात आला तसा जर्मनांनाही त्याच कलमाचा फायदा झाला, ते टांगानिकात पुन्हा मळे घेऊ लागले. 'क' वर्गात हे कलम नव्हतंच, म्हणून जपानने तेव्हा निषेध नोंदवला होता.

पानगळ

इराकही सांगायला हवा. मेसोपोटेमियात लढलेल्या सैन्याचा मोठा भाग हिंदी होता. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिकडेच होत्या, आणि 29 एप्रिल 1916 ला कूत हे तिथलं शहर तुर्कांच्या हाती पडलं. युद्धानंतर तिथला कारभार सुरुवातीला हिंदुस्थान सरकारच्या वळणाने बसवला. चलन हिंदी रुपया. 1932 मध्ये दिनार आला तो 13⅓ रुपयांना एक. तो आकडा असा विचित्र का, तर दिनार एका पौंडाला बांधला होता आणि रुपया 1 शिलिंग 6 पेन्सना. पौंडाच्या 240 पेन्सना रुपयाच्या 18 पेन्सने भागलं की तेवढेच येतात.

1920 च्या उठावानंतर इराकमध्ये मँडेट हा शब्दच ब्रिटनला जड झाला. म्हणून मँडेटचा मसुदा बाजूला ठेवून ऑक्टोबर 1922 मध्ये राजा फैसलच्या सरकारशी करार केला, आणि 1924 मध्ये राष्ट्रसंघाने तो मँडेटच्या जागी मान्य केला. 3 ऑक्टोबर 1932 ला इराक राष्ट्रसंघाचा सदस्य झाला; त्या काळात मँडेटमधून सुटून राष्ट्रसंघात बसलेला एकमेव देश. पण 1930 च्या करारामुळे हब्बानिया आणि शैबाचे हवाई तळ ब्रिटनकडेच राहिले. आयोगाने अल्पसंख्याकांबद्दल लेखी हमी घेतली होती. ऑगस्ट 1933 मध्ये सिमेले इथे असीरियन लोकांची कत्तल झाली. हमी घ्यायची तरतूद होती, ती पाळली जाते का हे पाहायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

सांजवारा

एक व्यवहारी बाजू राहिली: पैसा. वसाहतीला कर्ज देणाऱ्याला ठाऊक असायचं की ब्रिटन इथून हलणार नाही. मँडेट उद्या संपला तर कर्ज कोण फेडणार, ही शंका सावकारांना होती. 1925 मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेला ठराव करावा लागला की मँडेट बदलला तरी कर्जाची हमी शाबूत राहील. 1926 मध्ये ब्रिटिश संसदेने पूर्व आफ्रिकेच्या 1 कोटी पौंडांपर्यंतच्या आणि पॅलेस्टाइनच्या 45 लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. तरी 1930 च्या दशकात जर्मनी वसाहती परत मागू लागला, तशी टांगानिकात लांब मुदतीचा पैसा घालायला लोक कचरू लागले.

मांडवीकाठ

गोव्याच्या बाजूने एक भर. मँडेटनंतर 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त पद्धत आली, सनदेचं 12 आणि 13 वं प्रकरण. साध्या वसाहतींसाठी वेगळं 11 वं प्रकरण आणि त्यातलं 73 वं कलम: त्यांच्याबद्दल आर्थिक, सामाजिक, शैक्षणिक माहिती फक्त पाठवायची. राजकीय हिशेब नाही, तपासणी नाही. पोर्तुगालला एवढंही नको होतं. 1951 मध्ये त्यांनी राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' केलं आणि 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांत आल्यावर सांगितलं की आमच्याकडे वसाहत नाहीच, माहिती कशाची द्यायची? 15 डिसेंबर 1960 च्या 1542 क्रमांकाच्या ठरावात महासभेने नावं घेऊन यादी केली. अंगोला, मोझांबिक यांच्याबरोबर गोवा आणि त्याचे उपप्रदेश. वर्षभरात, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला. नावाची पाटी बदलून हिशेब टाळायची ही रीत मला मँडेटच्या चर्चेत फार महत्त्वाची वाटते. मुंबई इलाख्याखालून चालणारं एडन 1932 मध्ये हिंदुस्थान सरकारकडे गेलं आणि 1937 मध्ये राजवसाहत झालं, तेव्हाही तिथल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

दस्तऐवज_दालन

मांडवीकाठ यांनी विश्वस्त पद्धत काढली ते बरं झालं. कारण जिनिव्हाचं यंत्र जिथे अडलं होतं, तिथे तीन दुरुस्त्या झाल्या: अर्ज थेट न्यूयॉर्कला पाठवता येऊ लागला, अर्जदाराला समक्ष बोलता येऊ लागलं, आणि दर तीन वर्षांनी पाहणी मंडळ प्रदेशात येऊ लागलं.

याचा वापर टांगानिकाने कसा केला पाहा. 1951 मध्ये मेरू पर्वताजवळच्या एंगारे नान्युकी इथून सुमारे 3,000 लोकांना उठवून ती जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना द्यायचं ठरलं. घरं जाळली. मेरू लोकांनी कज्जा संयुक्त राष्ट्रांत नेला आणि 1952 मध्ये किरिलो जाफेट न्यूयॉर्कला जाऊन विश्वस्त परिषदेपुढे बोलले. अर्जाने जमीन परत मिळाली नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. पण त्या प्रकरणाने टांगानिकातल्या राजकारणाला धार आली. 1955 मध्ये स्वातंत्र्य चळवळीचे नेते ज्यूलियस न्येरेरे त्याच परिषदेपुढे बोलले आणि स्वातंत्र्याची मागणी मांडली.

त्याच वर्षी केनियात काय होतं? 20 ऑक्टोबर 1952 पासून आणीबाणी, छावण्या, फाशी. तिथल्या किकुयू जमातीची जमिनीची तक्रार मेरूंपेक्षा जुनी आणि मोठी होती, पण विश्वस्त परिषदेचा दरवाजा वसाहतीसाठी बंद होता. टांगानिका 9 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, केनिया दोन वर्षांनी, 12 डिसेंबर 1963 ला, तेही रक्त सांडून. सगळा फरक या एका दरवाज्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. मळेवाल्यांची संख्या आणि ताकद हे मोठं कारण आहेच. पण दरवाजा होता आणि नव्हता, हेही तितकंच खरं.

सह्यकडा

उलट उदाहरणही नोंदवून ठेवू. जपानची बेटं 1947 मध्ये अमेरिकेच्या विश्वस्त ताब्यात गेली, 'सामरिक' या खास वर्गात. मार्शल बेटांवर 1946 ते 1958 या काळात अमेरिकेने 67 अणुचाचण्या केल्या. 1954 मध्ये तिथल्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. दरवाजा उघडा होता, अर्ज पोचला, चाचण्या चालूच राहिल्या.

शिरस्तेदार

म्हणून नाउरू मला सगळ्यात बोलका वाटतो. फॉस्फेटचं लहानसं बेट. तिन्ही राष्ट्रांनी वाटे ठरवले: ब्रिटन 42, ऑस्ट्रेलिया 42, न्यूझीलंड 16 टक्के. फॉस्फेट त्यांच्या शेतांना स्वस्तात, बेटाचा मधला भाग खरवडून सुळक्यांसारखा उघडा. वसाहत असती तर नाउरूला 31 जानेवारी 1968 च्या स्वातंत्र्यानंतर दावा लावायला कुठलाही करार सापडला नसता. मँडेट आणि नंतरचा विश्वस्त करार होता म्हणून 1989 मध्ये तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1992 मध्ये न्यायालयाने दावा ऐकण्यास आपण समर्थ आहोत असं ठरवलं, आणि 1993 मध्ये ऑस्ट्रेलियाने तडजोडीत 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं. खरवडलेली जमीन त्याने भरून आली नाही.

अंजनवेल

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: जुन्या कागदावरून एखादा प्रदेश वसाहत होता की मँडेट, हे पटकन कसं ओळखायचं?

नकाशाघर

अंजनवेल, नकाशाच्या रंगावर जाऊ नका, ब्रिटिश नकाशे दोन्ही सारखेच रंगवतात. झेंड्यावरही नको: राष्ट्रसंघाचा मँडेटसाठी वेगळा झेंडा नव्हता, टांगानिकावर ब्रिटिश झेंड्यातच जिराफाचं डोकं होतं. प्रदेशाचा कारभार कोणत्या कायद्याखालच्या हुकुमाने चालतो ते आधी पाहा; त्यात विलीनीकरणाचा उल्लेख आहे की 1890 च्या परकीय अधिकारक्षेत्र कायद्याचा. 1890 चा कायदा दिसला तरी तो संरक्षित प्रदेशही असू शकतो, म्हणून पुढे रहिवाशाला काय म्हटलं आहे आणि जिनिव्हाला वार्षिक अहवाल गेला आहे का ते तपासा. टपाल तिकिटं हाताशी असतील तर फार सोपं: टांगानिकाच्या 1927 च्या तिकिटांवर राजाच्या चेहऱ्यासोबत 'टांगानिकाचा मँडेट प्रदेश' असं छापलं आहे. 1935 पासून केनिया, युगांडा आणि टांगानिका यांची एकत्र तिकिटं आली आणि त्यांवरून 'मँडेट' हा शब्द गेला.